केनी खोटा, चर्च खरं: मुलांना घेऊन अलाबामात तीन दिवस

पुस्तक संपलं की लगेच गाडी काढायची नाही, हे सगळ्यात आधी.

क्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची ‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३’ ही १९९५ची कादंबरी अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या दप्तरात कधी ना कधी येतेच. पहिला अर्धा भाग निव्वळ धमाल. मिशिगनमधल्या फ्लिंटची कडाक्याची थंडी, दहा वर्षांचा केनी, त्याचा तेरा वर्षांचा उनाड भाऊ बायरन आणि गोठलेल्या गाडीच्या आरशाला चिकटून बसलेले बायरनचे ओठ. पोरं हसून लोळतात. मग बायरनला वळण लावायला आजीकडे ठेवायचं म्हणून सगळं कुटुंब दक्षिणेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जातं, आणि एका रविवारी सकाळी तिथल्या चर्चमध्ये बॉम्ब फुटतो. आमच्या धाकटीने ते प्रकरण वाचून पुस्तक उशीखाली सारलं आणि दोन दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाबा, केनी खोटा आहे ना? मग चर्चपण खोटंच ना?”

केनी खोटा, चर्च खरं. आमची सगळी सहल या एका उत्तरावर उभी राहिली. तुम्ही नुकतेच या देशात आला असाल आणि हा इतिहास तुम्हालाच नवा असेल, तर बिचकू नका. मलाही तो मुलांच्या बरोबरीनेच कळत गेला.

आधी एक वही

साधी वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘खोटं’, उजवीकडे ‘खरं’. कादंबरीतल्या गोष्टी मुलांनीच वाटून लिहायच्या. केनी, बायरन, धाकटी जोएटा डावीकडे. बर्मिंगहॅम उजवीकडे. अडेल तिथे प्रश्नचिन्ह. पुस्तकाच्या शेवटी लेखकाने त्या काळाबद्दल थोडं लिहिलं आहे. मुलं गोष्ट संपली की ते सोडून देतात. ते तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, अर्धी प्रश्नचिन्हं तिथेच सुटतील. उरलेली घेऊन प्रवासाला निघायचं. पुस्तक संपल्यापासून निघेपर्यंत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. प्रश्न तेवढ्यात पिकतात.

निघण्यापूर्वी घरातली भाषाही तपासा. आपण मराठीत ‘काळे’ हा शब्द सहज, मोठ्या आवाजात, कोणाला कळणार आहे अशा भरवशावर बोलतो. मुलांना कळतं, आणि ती शरमतात. आम्ही ‘ब्लॅक’ म्हणायचं ठरवलं, आजीसकट. जुन्या पाट्यांवर आणि चित्रफितींत ‘कलर्ड’, ‘निग्रो’ हे शब्द दिसतील. एक त्याहून घाणेरडा शब्दही कानावर पडेल. तो काय आहे, कोण कोणाला म्हणायचं आणि आपण तो का उच्चारायचा नाही, हे घरीच सांगून टाका. संग्रहालयाच्या दारात सांगायची ती गोष्ट नाही.

कधी आणि कुठून

आम्ही अटलांटाजवळ राहतो, म्हणून तिथून सांगतो. अटलांटा ते बर्मिंगहॅम सुमारे १५० मैल, बर्मिंगहॅम ते सेल्मा ९०, सेल्मा ते माँटगमरी ५०, माँटगमरीहून परत अटलांटा १६०. तीन दिवस, दोन मुक्काम. विमानाने येणाऱ्यांनी अटलांटालाच उतरून गाडी भाड्याने घ्यावी. बस-रेल्वेच्या भरवशावर ही फेरी होत नाही.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलैचं ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं, वर दमट. मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सेल्मात १९६५च्या मोर्चाच्या स्मरणाची मोठी गर्दी असते. लहान मुलं बरोबर असतील तर ते दिवस टाळा. आणि आठवड्याचे वार जपून निवडा. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते, सोमवार-मंगळवारी बरीच संग्रहालयं बंद. बुधवारी निघून शनिवारच्या आत परतायचं, असं बसवलं तर दारावरून माघारी फिरायची वेळ येत नाही. तरी प्रत्येक ठिकाणची वेळ आदल्या दिवशी पाहाच.

वयाचं म्हणाल तर पुस्तक स्वतः वाचू शकणारं मूल ही सहल करू शकतं. त्याहून लहान भावंडं असतील तर त्यांना बाग, पूल आणि पाण्याचं स्मारक पुरे.

पहिला दिवस: बर्मिंगहॅम

अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जातं. म्हणजे सकाळी सातला निघालात तर साडेआठच्या सुमारास तिथे. हा फुकटचा तास पार्किंग शोधण्यात घालवू नका, त्या भागात रस्त्यावर जागा मिळते.

संग्रहालय, चर्च आणि बाग एकाच चौकात आहेत. बहुतेक लोक आधी संग्रहालयात जातात. मी सांगेन, आधी केली इनग्राम बागेत जा. मोकळं आहे, तिकीट नाही आणि मुलांचे पाय मोकळे होतात. १९६३च्या मे महिन्यात या बागेत काय झालं ते पुतळ्यांतून उभं केलं आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतून पोलिसी कुत्रे अंगावर झेपावतात, आणि चालणाऱ्याला त्यांच्या मधूनच जावं लागतं. आमचा मोठा, वय तेरा, फोन खिशात घालून त्यांच्यामधून दोनदा गेला. धाकटी गेलीच नाही. नाही तर नाही. ढकलायचं नाही.

इथे मुलांना एक गोष्ट सांगा, जी कादंबरीत नाही. २ मे १९६३ला शाळकरी मुलं वर्ग सोडून समोरच्या चर्चमध्ये जमली आणि गटागटाने बाहेर पडून ब्लॅक-गोरे भेदाविरुद्ध मोर्चाने निघाली. पहिल्याच दिवशी शेकडो मुलं अटकेत गेली. दुसऱ्या दिवशी शहराचा सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने त्यांच्यावर आगीच्या बंबांचे फवारे आणि कुत्रे सोडले. मोठी माणसं मोर्चात कमी का होती? अटक झाली की नोकरी जायची, घरभाडं थकायचं. मुलांना नोकरीच नव्हती. ऑड्री फे हेंड्रिक्स नावाची नऊ वर्षांची मुलगी आठवडाभर कोठडीत होती. ‘नऊ?’ धाकटीने विचारलं आणि वहीत उजवीकडे लिहिलं. वयाचा आकडा दोनदा गिरवला.

मग रस्ता ओलांडून सोळाव्या रस्त्यावरचं बाप्टिस्ट चर्च. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १० वाजून २२ मिनिटं. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेच्या माणसांनी पायऱ्यांखाली ठेवलेले डायनामाइट फुटले आणि तळघरात प्रार्थनेसाठी तयार होत असलेल्या चार मुली गेल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन १४ वर्षांच्या, डेनिस मॅकनेर ११ वर्षांची. कादंबरीत जोएटा वाचते. इथे वहीतली मधली रेघ मुलांना बोचते, कारण डावीकडची मुलगी घरी आली आणि उजवीकडच्या आल्या नाहीत. अशा वेळी समजूत घालायला धावू नका. पायऱ्यांवर बसा.

पुढचा प्रश्न हमखास येतो: पकडले का त्यांना? उत्तर आधीच तयार ठेवा, कारण ते गोड नाही. रॉबर्ट चॅम्ब्लिसला शिक्षा झाली १९७७मध्ये. थॉमस ब्लँटनला २००१मध्ये, बॉबी फ्रँक चेरीला २००२मध्ये. चौथा संशयित खटल्याविनाच १९९४मध्ये मेला. मोठ्या मुलाने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, “एकोणचाळीस वर्षं.” चर्चच्या आत जाता आलं तर वेल्सच्या लोकांनी वर्गणी काढून पाठवलेली रंगीत काचेची खिडकी बघा. त्यातला ख्रिस्त कृष्णवर्णी आहे.

संग्रहालय, म्हणजे बर्मिंगहॅम सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट, दुपारच्या जेवणानंतर. दोन तास पुरतात. सगळ्या पाट्या वाचायचा हट्ट धरू नका, मुलांना तीन वस्तू निवडायला सांगा. आमच्या आजींनी मात्र पहिल्याच वस्तूपाशी मुक्काम ठोकला: शेजारी-शेजारी दोन पाण्याचे नळ, एकावर ‘व्हाइट’, दुसऱ्यावर ‘कलर्ड’. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “आमच्या गावात दोन आड होते.” एवढंच. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आजीला गाडीत विचार.

ए. जी. गॅस्टन मोटेल इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९५४मध्ये एका ब्लॅक उद्योजकाने ते बांधलं, कारण ब्लॅक प्रवाशांना शहरातली चांगली हॉटेलं खोली देत नसत. मार्टिन लूथर किंग यांनी १९६३च्या आंदोलनाची आखणी तिथल्या ३० क्रमांकाच्या खोलीत केली. केनीची आई प्रवासाचा इतका काटेकोर आराखडा वहीत का लिहिते, कुठे थांबायचं हे आधी का ठरवते, ते इथे उलगडतं. त्या काळी ब्लॅक कुटुंबांसाठी ‘ग्रीन बुक’ नावाची छापील मार्गदर्शिका निघत असे, १९३६पासून. कुठे झोपता येईल, कुठे जेवता येईल याच्या याद्या तिच्यात असत. आपण नुसतं फोनवर तारे बघून हॉटेल निवडतो.

मुक्काम बर्मिंगहॅमलाच करा. संध्याकाळी पोहायचा तलाव असलेलं हॉटेल बघा. मुलांना त्या दिवशी अभ्यासापेक्षा पाण्यात डुंबायची जास्त गरज असते.

दुसरा दिवस: सेल्मा आणि ८० नंबरचा रस्ता

सेल्मा हे थकलेलं गाव आहे. दुकानं बंद, लोकसंख्या घटलेली, त्यात जानेवारी २०२३च्या टॉर्नेडो वादळाने घरांची छपरं उडवलेली. मुलं विचारतात, एवढ्या प्रसिद्ध गावाची ही दशा का? मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. जेवायला फार पर्याय नाहीत, डबा बरोबर असू द्या.

पुलावर जाण्याआधी मुलांना विचारा: मत द्यायला काय लागतं? आपल्याकडे अठरा वर्षं आणि यादीत नाव. इथे नाव नोंदवायलाच परीक्षा असायची. कारकून मनात येईल तो प्रश्न विचारणार आणि नापास करणार. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे निम्मे लोक ब्लॅक होते, पण त्यांच्यातल्या जेमतेम २ टक्क्यांची नावं यादीत होती. त्यातच शेजारच्या मॅरियनमध्ये जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. म्हणून ७ मार्च १९६५ला सहाशेच्या आसपास लोक ब्राउन चॅपल या चर्चहून राज्याच्या राजधानीकडे, माँटगमरीकडे, पायी निघाले.

तुम्हीही ब्राउन चॅपलपासूनच सुरुवात करा आणि चालत एडमंड पेटस पुलावर जा. पुलाला मधोमध उंचवटा आहे, त्यामुळे चढताना पलीकडचं काहीच दिसत नाही. माथ्यावर पोचल्यावर समोरचा रस्ता एकदम उघडतो. त्या दिवशी मोर्चाच्या पुढे असलेल्या जॉन लुईस आणि इतरांना तिथून खाली उभे असलेले राज्य पोलीस दिसले होते. पुस्तकातून हे कळत नाही, पायांनाच कळतं. वाहनं जोरात जातात, कठड्याकडच्या पदपथावरून मुलांचा हात धरून चला. आणि हो, पुलाला ज्याचं नाव आहे तो पेटस गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी आणि क्लॅनचा पुढारी होता. नाव अजून तेच आहे. मोठ्या मुलांना यावर वाद घालू द्या, आमच्याकडे तो रात्रीपर्यंत चालला.

त्या दिवशी मोर्चा लाठ्या आणि अश्रुधुराने मोडला. २१ मार्चला पुन्हा निघाला आणि ५४ मैल चालून २५ मार्चला माँटगमरीला पोचला. तुम्ही गाडीने त्याच ८० नंबरच्या रस्त्याने जाणार आहात. तासाभरात पोचता येतं, पण घाई करू नका. वाटेत लाउंड्स काउंटीत राष्ट्रीय उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे. बहुतेक मराठी कुटुंबं ते वगळतात. माझ्या मते सबंध सहलीत आपल्यासाठी सगळ्यात जवळची जागा हीच.

या काउंटीत दर पाच माणसांत चार ब्लॅक होते आणि १९६५च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. नावं नोंदवायला लागल्यावर जमीनमालकांनी कुळांना घरांतून हाकललं. ती कुटुंबं जिथे तंबू ठोकून राहिली, तिथेच आज हे केंद्र आहे. १९६६मध्ये या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. प्रत्येक पक्षाला मतपत्रिकेवर चित्र लागायचं, कारण बऱ्याच मतदारांना वाचता येत नव्हतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, आपण चिन्हांवरच मतं देत आलो. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउंड्सच्या लोकांनी चिन्ह घेतलं काळा बिबट्या, ब्लॅक पँथर.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला एका नव्या संघटनेने हे नाव उचललं. आणि १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ‘दलित पँथर’ उभी केली. अलाबामातल्या कापसाच्या शेतांपासून मुंबईच्या वस्त्यांपर्यंतची ही वाट कुठल्याही पाटीवर लिहिलेली मला दिसली नाही. तुम्हीच मुलांना सांगायची. माझा मुलगा, ज्याला मी आजवर ‘दलित’ शब्दाचा अर्थ धड सांगितला नव्हता, त्याने विचारलं की हे तुम्ही आधी का नाही सांगितलं. मी गाडी चालवत होतो, ते निमित्त पुरलं.

लहानांसाठी एक युक्ती: उद्यान सेवेच्या केंद्रांवर ‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका मागा. प्रश्न सोडवले की बिल्ला मिळतो. बिल्ल्यासाठी पोरं ज्या पाट्या वाचतात, त्या बापाने सांगून वाचत नाहीत.

तिसरा दिवस: माँटगमरी

इथे बघण्यासारखं इतकं आहे की निवड करावीच लागते. माझी निवड सांगतो.

रोझा पार्क्स संग्रहालय पहिलं, मुलांसाठी त्यात स्वतंत्र विभाग आहे. जायच्या आधी एक गैरसमज काढून टाका. शाळेत ‘दमलेली म्हातारी शिवणकाम करणारी बाई’ असं शिकवतात. १ डिसेंबर १९५५ला त्या ४२ वर्षांच्या होत्या, एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या, आणि गोऱ्यांच्या जागेवर बसल्या नव्हत्या. बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा कमी पडली म्हणून ‘कलर्ड’ रांगेतून उठायला सांगितलं, त्या उठल्या नाहीत. त्याच्या नऊ महिने आधी १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनने हेच केलं होतं. तिचं नाव मुलांना फार आवडतं, विशेषतः तेरा वर्षांच्यांना. पार्क्स यांच्या नकारानंतर ब्लॅक लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत.

मग डेक्स्टर अव्हेन्यू चर्च, आणि किंग जिथे राहायचे ते पाळकाचं घर. ३० जानेवारी १९५६ला या घरावर बॉम्ब टाकला तेव्हा आत त्यांच्या पत्नी कोरेटा आणि काही आठवड्यांची मुलगी योलांडा होत्या. साधं घर, साधं स्वयंपाकघर. मोठी माणसं घरात राहतात हे मुलांना इथे कळतं.

माया लिन यांनी १९८९मध्ये घडवलेलं नागरी हक्क स्मारक म्हणजे काळ्या दगडाचं गोल मेज. त्यावर चळवळीत मारल्या गेलेल्यांची नावं कोरली आहेत आणि त्यांच्यावरून पाणी वाहतं. हात लावायला मनाई नाही. बर्मिंगहॅमच्या चार मुलींची नावं मुलांना शोधू द्या. धाकटीने ती पाण्याखाली बोटाने गिरवली.

आता लेगसी म्युझियम आणि शहरातल्या टेकडीवरचं स्मारक. दोन्ही इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१८मध्ये उघडली. स्मारकात आठशेहून जास्त पोलादी खांब, प्रत्येक एका काउंटीचा, आणि त्यांवर जमावाने ठार मारलेल्यांची नावं. चालत जाता-जाता जमीन खाली उतरते आणि खांब डोक्यावर टांगलेले राहतात. मी पहिल्या खेपेला धाकटीला संग्रहालयात नेलं, ती माझी चूक. अर्ध्या तासात बाहेर आलो आणि बाकावर बसून राहिलो. आता सांगतो: बारा-तेराच्या आतल्यांना संग्रहालय नको. एका पालकाने मोठ्याला न्यावं, दुसऱ्याने लहानांना घेऊन नदीकाठी जावं. आत फोटो काढता येत नाहीत, ते बरंच आहे.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर विचारून खा. दक्षिणेत हिरव्या पालेभाजीत आणि घेवड्यातही डुकराचं मांस घालून शिजवतात, आणि वाढणाऱ्याला ते ‘मांस’ वाटतच नाही. मॅक अँड चीज, तळलेली भेंडी, रताळं यांवर निभतं. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे ठेपले नेले होते, सेल्माला नदीकाठी बसून खाल्ले.

परत येताना

वेळ उरला तर वाटेत टस्कीगीला ब्लॅक वैमानिकांचं ठिकाण आहे, विमानवेड्या मुलांना आवडतं. अटलांटातलं किंग यांचं स्मारक दुसऱ्या एखाद्या रविवारी करा. तिथे गांधीजींचा पुतळाही आहे, त्यामुळे नातेवाईक आले की जाणं होतंच.

मुलं विचारतील, हे आपल्याकडे होतं का? निघण्यापूर्वी स्वतः थोडं वाचून ठेवा. निदान महाडचं चवदार तळं, १९२७, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती, एवढं तरी. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर पुस्तकापेक्षा त्यांना बोलू द्या. आमच्या धाकटीने माँटगमरी सोडल्यावर वही उघडून आजीला विचारलं, “तुझ्या गावातल्या दुसऱ्या आडाचं पाणी कोण प्यायचं?” आजी आधी म्हणाल्या, जाऊ दे गं. मग दहा-एक मैलांनी आपणहून सुरुवात केली. जॉर्जियाची हद्द लागते तिथे घड्याळ पुन्हा एक तास पुढे जातं, त्यामुळे घरी पोचायला अंदाजापेक्षा उशीर होतो. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर जेवण वाटेतच उरका. आम्ही उरकलं नाही. आजींचं सांगून व्हायचं होतं.